तीन पिवळ्या तारा

बसलेली बॅटरी रात्रभर चार्ज केल्यावर मीटरवर बारा दशांश चार व्होल्ट दिसत होते. इंजिन सुरू झाल्यावर आकडा बारा दशांश दोनवर उतरला, आणि गाडी कितीही रेस केली तरी तिथून तसूभर वर सरकला नाही.

"बारा दोन," स्टुलावर बसलेल्या बायकोने वाचून दाखवलं. "चौदा हवं ना? हिचं आपल्या थोरल्या जावयासारखं झालंय. खातो चिक्कार, अंगाला काही लागत नाही."

मिस्त्री हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं.

लग्न झाल्या वर्षापासून मीटर तीच वाचायची. त्याचे हात गाडीच्या पोटात असायचे आणि नजर समोरच्या भिंतीवर. मिस्त्रीच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणायचे. ही मोटरसायकल एक्केचाळीस वर्षांची, तिचा स्क्रू न् स्क्रू त्याला पाठ. उद्या सकाळी दोघं तिच्यावरून डोंगरापलीकडे लेकीकडे निघणार होते. चढ संपला की सात मैल सलग उतार.

काल संध्याकाळी बॅटरी बसलेली दिसली, तेव्हा जन्मात पहिल्यांदाच त्याला बिघाड झाल्याचं बरं वाटलं होतं.

"रेग्युलेटर गेला असेल," तो म्हणाला. "मागवावा लागेल. आठ दिवस तरी जातील."

"असेल? तपासल्याशिवाय 'असेल' म्हणणाऱ्याला तुम्ही दारात उभं केलं नसतंत." तिने मीटरची खुंटी फिरवली. "आधी तीन पिवळ्या तारा. तुम्हीच शिकवलंय."

तीन पिवळ्या तारा म्हणजे आल्टरनेटरकडून येणारी वीज. त्या तपासायच्या तर रेग्युलेटरजवळचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, सोडवायला हवा, आणि तो टाकीखाली, सांगाड्याच्या मागे. तिथे नजर पोचत नाही. त्याने हात आत घातला. बोटं कशाला तरी लागली. प्लॅस्टिक, तार की लोखंड, ते कळेना. जाड हातमोजे घातल्यासारखं वाटत होतं, आणि हात तर उघडे होते.

साखरेमुळे आधी पायांची बोटं बधीर झाली होती, मग तळवे. "पुढे हातही," डॉक्टर आठ महिन्यांपूर्वी म्हणाले होते, आणि मान वर न करता विचारलं होतं, "गाडी वगैरे चालवत नाही ना?"

"छे," तो म्हणाला होता. बायको तेव्हा बाहेर बाकावर बसली होती.

"काय चाचपडताय एवढं?" ती उठली. "सरका बघू. तुमचे पंजे म्हणजे फावडी." तिने आपला बारीक हात आत घातला. "अगबाई, ओढायच्या आधीच आला की हातात."

कपलरचं एक घर काळं पडून वितळलं होतं.

"अर्धवटच बसला होता हा," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात नवा टाकलात ना?"

"हल्ली मालच हलका येतो."

त्याचं त्यालाच ते ऐकवेना. कपलर पुरता बसला की टक् होतं. वर्कशॉपच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही, बोटाला कळतं. गेल्या महिन्यात बोटाला काहीच कळलं नव्हतं, आणि त्याने ते झालंच असेल असं धरलं होतं.

त्याने इंजिन चालवून दोन दोन तारांना मीटर लावला. "एकावन्न. एकावन्न. पन्नास," तिने वाचलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत होता. मग डब्यातून दुसरा कपलर काढून त्याने डोळ्यांसमोर धरून तारा बसवल्या. आत मात्र तो तिने दाबला.

"टक्," ती म्हणाली. "झालं."

इंजिन सुरू झालं. आकडा तेरावर गेला, साडेतेरा झाला, आणि चौदाच्या जरा वर जाऊन थांबला.

"चौदा दशांश एक! अर्ध्या तासाचं काम, आणि म्हणे आठ दिवस! मला माहेरी न्यायचं असलं की पूर्वी अशीच गाडी बिघडायची तुमची." इंजिन बंद होताच ती मागच्या सीटवर चढून बसली. "बसा पुढे. माझा गुडघा एवढा वेळ दुमडतोय का ते बघू दे."

नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. तो बसला. स्टँड निघाला. फरशीला रस्त्याकडे थोडा उतार होता, गाडी हळूच सरकली. त्याने उजव्या पायाने ब्रेक दाबला. गाडी सरकतच राहिली. त्याने आणखी जोर लावला.

"अहो, ब्रेक!" ती हसत म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. बूट पेडलच्या बोटभर बाजूला, पायठेवणीच्या लोखंडावर होता. सगळा जोर तो त्यावरच देत होता.

त्याने हातातला ब्रेक आवळला. पुढचं चाक उंबरठा ओलांडून रस्त्यावर थांबलं. समोरून एक टेम्पो भर्रकन गेला, त्याचा वारा दोघांच्या तोंडाला लागला.

तिचं हसणं थांबलं. तिचे दोन्ही हात त्याच्या कमरेला घट्ट होते. ते त्याला नीट कळत होते.

"काय झालं हो?"

सात मैलांचा उतार त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि मागे हे हात.

"अगं, उतर खाली," तो म्हणाला. "कपलर मीच अर्धवट बसवला होता. मला बोटं कळत नाहीत. पाय तर आठ महिने झाले, कळतच नाहीत. डॉक्टरांना खोटं सांगितलं, तुला तर सांगितलंच नाही."

ती उतरली नाही. त्याने चावी काढली आणि खांद्यावरून मागे तिच्या हातात दिली.

"गाडी मी आजपासून सोडली."