साडेबारा शब्दकोश

“या वेळी दिवाणखाना तुमच्या मनासारखा करू,” असं बायको म्हणाली आणि मला घाम फुटला. चाळीस वर्षांत माझं मन कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते कुठे ठेवलंय हेही मला चटकन आठवेना.

खरं तर मला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. खिडकीशी एक खुर्ची. आजवर मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचत आलोय, आमटीचे शिंतोडे पडलेल्या पानांवर. पण सांगायचं कसं? बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिच्यासमोर उभा राहिलो की मला अजूनही रांगेत उभा असल्यासारखं वाटतं. म्हणून कागदावर लिहिलं, कागद शब्दकोशात ठेवला आणि योग्य वेळेची वाट पाहू लागलो. असल्या वेळा माझ्याकडे येत नाहीत, हे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

चार दिवसांनी ती म्हणाली, “अहो, बोलणार आहात की नाही? नाहीतर खिडकीच्या भिंतीला इकडून तिकडे सोफा. गुरुवारी माझ्या सहा मैत्रिणी येतात, त्या काय एकमेकींच्या मांडीवर बसतील? निदान भिंत तरी मोजून ठेवा.”

मोजपट्टी तिच्या कपाटात होती. ती मागायची, तर पुन्हा ‘मग काय ठरवलंत?’ हा प्रश्न आला असता. मी जाडा शब्दकोश घेतला, भिंतीशी गुडघ्यांवर बसलो आणि तो आडवा ठेवत ठेवत गेलो. चिठ्ठीवर व्यवस्थित अक्षरात लिहिलं, ‘भिंत : साडेबारा’. ती चिठ्ठी बायकोने सुताराला दिली.

तीन आठवड्यांनी सुतार आणि त्याचा मेहुणा सोफा घेऊन आले. बायको स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाहेर “उचल, टेक, अरे माझा पाय!” असं बराच वेळ चाललं आणि मग एकदम थांबलं. सोफा दिवाणखान्यात सुरू होऊन, भिंतीच्या टोकाच्या दारातून, स्वयंपाकघरात संपत होता. दोन फूट आत. आणि बायको त्याच्या पलीकडे.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “काकूंना आपण कोंडलं.”

“मी साडेबारा फूटच केलाय!” सुताराने चिठ्ठी नाचवली. “एवढी पुस्तकं वाचणारा माणूस, म्हटलं, ह्यांचं माप काय तपासायचं?”

“फूट नाहीत,” मी हळूच म्हणालो.

“मग काय आहेत?”

मी शब्दकोश आणून दाखवला. सुताराने तो उलटसुलट केला, मोजपट्टी लावली. “दहा इंच,” तो म्हणाला आणि मटकन सोफ्यावर बसला. मेहुणा तोंड दाबून भिंतीकडे वळला. पलीकडून चमचा पडल्याचा आवाज आला, आणि बायको सोफ्याच्या टोकावर डोकं टेकून अशी हसू लागली की उशी हलायला लागली.

“आमची उंची किती हो मग,” ती डोळे पुसत म्हणाली, “शब्दकोशात?”

“तुम्ही सहा असाल, काकू,” मेहुणा म्हणाला. “सहा आणि थोडी प्रस्तावना.”

आता तर मलाही हसू आवरेना. हसता हसता सुतार उठला, करवत काढली. “काका, दोन फूट जास्त आहे. कुठून कापू?”

तिघंही माझ्याकडे पाहत होती. इतकं हसल्यावर माणसाला जरा भीड कमी वाटते की काय कोण जाणे.

“खिडकीकडून,” मी म्हणालो. “आणि पाच कापा.”

“पाच? अहो, दोनच जास्त आहे!”

“पाच.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी शब्दकोशातला कागद काढून सोफ्यावरून पलीकडे दिला. बायकोने मोठ्याने वाचलं, “‘खिडकीशी एक खुर्ची. बाजूला दिवा. बसल्या जागी हात पोचेल अशी एक फळी. जमल्यास.’” तिने कागदावरून वर पाहिलं. “हे ‘जमल्यास’ कशाला लिहिलंत?”

मी शब्दकोश मिटून काखेत घेतला.

“आणि माझ्या सहाजणी?” तिने विचारलं.

“चार सोफ्यावर,” मी म्हणालो. “दोघींना माझं स्टूल आणि... शब्दकोश.”

ती पुन्हा हसत सुटली. “कापा हो,” ती सुताराला म्हणाली. “कापलेल्या तुकड्याची खुर्ची करा, आणि आधी मला बाहेर काढा, चहा उतू गेला!”

खुर्चीला एकच हात आहे, डावीकडचा. उजवीकडे फळी आली.

पहिल्याच गुरुवारी तिची सर्वांत धिप्पाड मैत्रीण थेट त्या खुर्चीत जाऊन बसली. मी स्टुलाकडे वळणार, एवढ्यात दिवाणखान्यात शिट्टी वाजली. खरी शिट्टी, शाळेतली.

“ती खुर्ची रिकामी कर!”

मी बसलो. सात बायका एकाच वेळी बोलत होत्या. एक ओळही वाचून झाली नाही, पण मी मधूनमधून पान उलटत राहिलो, नाहीतर खुर्ची पुन्हा जायची.