शत्रुघ्न मेस्त्रींची जपानी बाकं

या, असे जवळ बसा, कुवेतमधल्या एका कीर्तनाची गोष्ट सांगतो. १९९४ साल. अबू हलीफातल्या आपल्या फ्लॅटात माणसं मावेनात, म्हणून शीलावहिनी कीर्तनच रद्द करायला निघाल्या.

"थांबा वो वैनी!" म्हणत कोकणातले सुतार शत्रुघ्न मेस्त्री मासिकातला फोटो घेऊन आले. तोक्योची विजेची गाडी होती. बाकं भिंतीलगत, गर्दीच्या वेळी वर दुमडलेली, मधे उभ्यांना ऐसपैस जागा.

मेस्त्रींनी तश्शीच बाकं ठोकली. निरूपणाला म्हातारी मंडळी बसली. नामाचा गजर सुरू झाला, बाकं भिंतीला गेली आणि साठजण नाचले!

कीर्तनकार बुवा हसले, "मेस्त्री, पुढचं स्टेशन?"

"वैकुंठ! पण प्रसाद खाल्ल्याशिवाय कोणी उतरायचं नाय!"

गजराला उभे राहाल तेव्हा आमच्या मेस्त्रींची आठवण ठेवा.