डब्यातला आवाज

बाबांचा घसा काढल्यापासून ते माझ्या आवाजात बोलतात.

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. ऑपरेशन होऊन घरी आले, काही दिवस भिंतीकडे बघत बसले आणि मग एका सकाळी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात मोडक्या खेळण्यातला स्पीकर, बॅटऱ्या, वायरी असं कायकाय कोंबलं आणि झाकणावर बटणं बसवली. एक बटण दाबलं की एक वाक्य. आता आवाज कोणाचा भरायचा? माझ्या नवऱ्याने प्रयत्न केला, पण तो 'पाणी द्या' असं म्हणतो की ऐकणाऱ्याला नोटीस आल्यासारखं वाटतं. घरातलं उरलंसुरलं काम जसं माझ्याकडे येतं, तसं हेही आलं.

तशी मी आवाजावरच पोट भरते. एका कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकून घेते. "झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत," हे दिवसभर म्हणते. त्रास कंपनीने द्यायचा आणि दिलगीर मी व्हायचं. घरी येऊन चपला काढते न काढते, तोच आतून माझाच आवाज येतो, "सूनबाई, चहा टाकतेस का? फार कंटाळलो." पहिल्यांदा मी पोट धरून हसले होते. आता मुकाट्याने आधण ठेवते.

बाबांना एक थोरली बहीण. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांची नजर गेलेली, हृदय अगदी नाजूक. म्हणून बाबांच्या घशाचं त्यांना कळू द्यायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलं. त्यांचा फोन आला की बाबा बाहेर गेलेले असत, नाहीतर झोपलेले असत. आत्या काही दुधखुळ्या नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा त्या दुःखाच्या भरात सगळ्यांदेखत भावाला बोलून गेल्या होत्या, "तू वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतंस तर ती वाचली असती." आता भाऊ फोनवर येईना, म्हणजे तो राग मनात धरून बसलाय, असं त्यांनी पक्कं केलं.

मग त्यांना आमच्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. "आई सारखी विचारते," ती म्हणाली, "मी मेल्यावर तरी तो येईल का गं?"

बाबांनी तो निरोप ऐकला आणि लगेच डबा उघडून बसले. एक नवीन, पिवळं बटण बसवलं आणि काय भरायचं ते कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवलं: 'ताई, मी खुटखुट्या. घसा गेला माझा, म्हणून फोनवर आलो नाही. तुझ्यावर राग नाही. कधीच नव्हता.' लहानपणी सारखी काहीतरी खुटखुट चालायची म्हणून आत्यांनी त्यांना खुटखुट्या नाव ठेवलं होतं. मी वाक्य म्हटलं. बाबांनी ऐकून मान हलवली आणि लिहिलं, 'कंपनीचं वाटतंय.' पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. शेवटी मी दमले तेव्हा कुठे त्यांना ते पसंत पडलं. आत्यांना लिहिलेलं दिसणार नव्हतं आणि बाबांना बोलता येणार नव्हतं. दोघांच्या मध्ये तो डबा तेवढा होता.

दवाखान्यात मी भेटीचा पास घ्यायला खिडकीशी उभी राहिले आणि बाबा पिशवी घेऊन पुढे तपासणीच्या रांगेत गेले. पास घेऊन वळते तर शिट्ट्या, पळापळ. पिशव्या तपासणाऱ्या यंत्रावर आमचा डबा एकटाच पडलेला आणि सगळी माणसं बाहेर ढकलली जात होती. हाताला सलाईन लावलेला एक म्हातारा रस्त्यावर उन्हात उभा होता. बाबांना एका कोपऱ्यात स्टुलावर बसवलं होतं.

"हे काय आहे? बोला!" पोलीस ओरडत होता.

बाबांनी गळ्याला हात लावला.

"नाटकं नकोत. बोला म्हणतो ना!"

बाबांनी खिशातून कागद काढून लिहिलं, 'माझा आवाज आहे.' पोलिसाने कागद उलटसुलट करून पाहिला. "आवाज? कसला आवाज होणार आहे? केव्हा?"

मी मधे घुसले. "साहेब, त्यांना बोलता येत नाही. त्या डब्यातूनच बोलतात ते."

"मग लाल दिवा कशाला?"

"चालू आहे ते कळायला."

"वायरी बाहेर का?"

"आत मावल्या नाहीत."

खरं सांगत होते, पण माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मी म्हटलं, एकदा बटण दाबून तर बघा. तो दोन पावलं मागे सरकला. "बाई, मला बटण दाबायला सांगता?"

ज्याने शिट्टी मारली तो रखवालदार बाजूला खाली मान घालून उभा होता. "काका, मलाही कळतंय हो," तो पुटपुटला. "पण आता वर कळवलंय."

वरून बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. जाडजूड पोशाख घातलेल्या एकाने लांब चिमट्याने डबा उचलला आणि मोकळ्या आवारात नेला. खाली ठेवताना चिमटा कुठल्यातरी बटणाला लागला असावा. सगळं आवार चिडीचूप असताना माझा आवाज घुमला, "सूनबाई, माझा चष्मा बघितलास का?"

लोक हसले. पोलीसही हसला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"ऐकलंत ना साहेब?"

"ऐकलं. पण पथक आलंय म्हटल्यावर कार्यवाही करावीच लागते."

त्यांनी डब्याभोवती वाळूची पोती रचली. आम्हाला लांब नेलं. फट् असा आवाज झाला, फार मोठाही नाही. पत्र्याचं झाकण उडून झाडाखाली पडलं. बाबा ते बघत राहिले.

"आक्षेपार्ह काही आढळलं नाही," पोलीस येऊन म्हणाला. "झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत."

त्या वाक्याची किंमत माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार? भांडायला अंगात त्राण लागतं, तेही राहिलं नव्हतं.

भेटीची वेळ संपून गेली होती. बाबांनी लिहिलं, 'चल घरी. आता जाऊन काय सांगणार?' आणि फाटकाकडे चालायला लागले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांचा दंड धरला. "बाबा, डब्यात आवाज कोणाचा होता? माझाच ना? मी आहे की अजून."

रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या जिन्याचं दार उघडून दिलं.

आत्या खाटेवर पार मुटकुळं होऊन पडल्या होत्या. मुलगी उठून बाजूला झाली.

"आत्या, मी तुमच्या भावाची सून. बाबा आलेत."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "आला का? मग बोलायला काय झालं त्याला?"

बाबांनी गळ्यावरचा रुमाल सोडला. आत्यांचा हात उचलला आणि त्यांची बोटं आपल्या गळ्यावर ठेवली. तिथे भोक आहे, त्यातून बाबांचा श्वास येतो जातो. आत्यांची बोटं जागच्या जागी थांबली. बाबांनी दुसऱ्या हाताने माझा हात धरला आणि तळव्यावर अंगठा दाबला, डब्यावर दाबायचे तसाच.

"ताई, मी खुटखुट्या," मी म्हणाले. "घसा गेला माझा, म्हणून फोनवर आलो नाही. तुझ्यावर राग..."

दिवसभर दुसऱ्यांचं बोलते मी. कधी अडखळत नाही. तिथे मात्र अडखळले. बाबांनी पुन्हा अंगठा दाबला.

"राग नाही. कधीच नव्हता."

आत्या पडल्या पडल्या त्यांचा गळा चाचपत राहिल्या, गाल चाचपला, मग पुन्हा गळा.

"रडू नकोस रे खुटखुट्या," त्या म्हणाल्या. "मी कुठे रागावलेय?"

बाबांचे डोळे कोरडे होते. त्यांनी माझ्या तळव्यावर अंगठा दाबला आणि दाबूनच ठेवला. यापुढचं कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

"नाही गं ताई," मी म्हणाले, "कुठे रडतोय?"