दोष पेरणाऱ्या हाताचा

मंडळाचं ते पत्र मी उत्तर न देता ठेवून दिलं होतं. आमच्या भागातल्या सगळ्या शेती संशोधन केंद्रांनी मिळून एक प्रादेशिक मंडळ स्थापन करायचं, कोणाकडे काय चाललं आहे ते एकमेकांना कळवायचं, असा विचार चालू होता. त्याची नियमावली लिहून द्याल का आणि पुढे चिटणीस म्हणून काम पाहाल का, असं अध्यक्षबाईंनी विचारलं होतं.

मी बीज संशोधन केंद्राचा निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर दुसऱ्यांचे अहवाल कपाटात लावले. स्वतः एक दाणा कधी पेरला नाही. कुणी मोठ्याने हाक मारली तरी माझ्या हातातलं पुस्तक खाली पडतं. अशा माणसाने नियम लिहायचे? 'नाही' लिहायला बसलो की उद्धटपणा वाटायचा आणि 'हो' लिहायला बसलो की त्याहून मोठा उद्धटपणा. शेवटी पत्र शब्दकोशात घालून ठेवलं आणि भाचीच्या घरी मका उगवलेला बघायला गेलो.

माझी बहीण लवकर गेली, म्हणून भाची माझ्याकडेच वाढली. लहानपणी खिशात बिया भरून फिरायची, त्यावरून तिचं नाव पडलं खारू. बागायतदाराच्या घरात दिली होती. घर खाऊनपिऊन सुखी, गोठा भरलेला.

स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा खारू भांडी विसळत होती. तिच्या सासूबाई चहा गाळत होत्या. मी फळीवरच्या डब्याचं लेबल वाचत उभा राहिलो.

"बघ गं तुझे मामा," सासूबाई म्हणाल्या. "डब्याची विचारपूस आधी, माणसांची मग."

"डबा उलट बोलत नाही ना, सासूबाई," खारू म्हणाली. दोघी हसल्या. चहाचा कप माझ्या हातात देताना सासूबाईंचा अंगठा मला दिसला. तो मुळापासून वाकडा होता.

हसणं थांबलं ते अंगणातून हाक आली तेव्हा. व्याही शेतावरून परत आले होते.

"सूनबाई, शेतावर चल. मामा, तुम्हीही या."

त्या बाजूला पेरणी घरच्या सुनेने करायची असते. उगवलं तर नाव मालकाचं. नाही उगवलं तर दोष पेरणाऱ्या हाताचा. मग घरातला कर्ता सगळ्यांदेखत तिच्या हातावर काठी मारतो आणि दोष उतरवतो. याला 'हात झोडणं' म्हणतात. मारहाण असं कुणी म्हणत नाही. दोष उतरला की तिनेच पुन्हा पेरायचं. नावापुरते दोन फटके असतात, असं मी ऐकून होतो.

शेत काळंभोर पडलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हिरवं काही नाही. शेजारचे लोक बांधावर येऊन उभे होते. खारूचा नवरा मान खाली घालून ढेकूळ फोडत होता.

"तुमच्याच केंद्राचं बियाणं," व्याही मला म्हणाले. "नवीन वाण. तुमच्याकडे उगवलं होतं का?"

"उगवलं होतं," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार? आमच्या केंद्राच्या शेतात तो मका डोक्याइतका उंच झालेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

"ऐकलंत सगळ्यांनी? बियाणं चांगलं. जमीन माझ्या बापाने कसलेली. मग राहिलं काय?"

"वहिनींचा हात राहिला," दीर म्हणाला. "सोन्यासारखं बी मातीत घातलं त्या हाताने."

सासूबाईंनी खारूचं मनगट धरून ते नांगराच्या लाकडावर टेकवलं. तिच्या कानात त्या म्हणाल्या, "मूठ मिटू नकोस पोरी, बोटं मोडतात."

पहिल्या फटक्याला खारू ओरडली नाही. दुसऱ्याला तिने मूठ मिटली. माणूस मिटणारच. तिसरा फटका मिटलेल्या मुठीवर बसला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी "अहो, अहो" म्हणत पुढे गेलो. दिराने छातीवर हात ठेवून मला नुसतं ढकललं. मी ढेकळांत बसलो.

"आता तू," व्याह्यांनी काठी मुलाच्या हातात दिली. "तुझी बायको आहे."

तो रडत होता आणि मारत होता. रडणाऱ्याचे फटके नेमके बसत नाहीत. दोन मनगटावर बसले, एक तिच्या कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा बांधावरून कुणीतरी म्हणालं, "बास, उतरला दोष." लोक पांगले. एक जण जाता जाता मला उठवायला थांबला आणि माझ्या धोतराची माती झटकत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येक घरी असतं."

दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, "पडलात का?"

"झोडलं," खारू म्हणाली.

त्याने कागदावर 'पडल्याने' असं लिहिलं. बोटं सरळ करताना ती माझ्या खांद्याला चावली. दुसऱ्या दिवशी नवरा येऊन तिला घेऊन गेला. पुन्हा पेरायचं होतं.

मंडळाची पहिली बैठक त्याच आठवड्यात होती. प्रत्यक्ष जाऊन नकार द्यावा म्हणून मी गेलो. बैठक सुरू व्हायची होती. आमच्या केंद्राचे संचालक आणि नदीपलीकडच्या केंद्राचे संचालक लांब टेबलाशी चहा घेत होते. मी सहज म्हणून त्या मक्याची गोष्ट काढली. खारूचं नाव काढलं नाही, धीर झाला नाही.

पलीकडचे संचालक मोठ्याने हसले. "तो वाण? अहो, भारी काळ्या जमिनीत लावलात की काय? आमच्याकडे दोन हंगाम लावला, दोन्ही वेळा जमिनीतच कुजला. कोंब वर येतच नाही."

"आम्हाला नाही सांगितलंत," आमचे संचालक म्हणाले.

"तुम्ही कुठे विचारलंत? आणि आपलं पीक गेलं हे गावभर सांगत फिरायचं? अनुदान कोण देईल मग? तुमच्या हलक्या जमिनीत उगवलं ना, मग आनंद माना."

"ते खरंच," असं म्हणून आमचे संचालकही हसले. बिस्किटांची बशी इकडून तिकडे गेली.

पुढचं मी कसं केलं ते मला सांगता येत नाही. टेबलावर रेघा मारायचा लाकडी रूळ होता. पलीकडच्या संचालकांचा उजवा हात बिस्किटाकडे आला आणि मी तो रूळ त्या हातावर मारला. जोर लावून मारला. पुन्हा मारला. बशी फुटली. ते किंचाळले, "वेड लागलं का या म्हाताऱ्याला?"

"नावापुरते दोन," मी म्हणालो. "माझ्या भाचीला किती मारले ते मोजता नाही आले. तिची बोटं मोडली. तुम्हाला ठाऊक होतं."

मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते; हात उगारून मी व्याह्यांच्याच पंगतीला बसलो होतो. अध्यक्षबाईंनी रूळ माझ्या हातातून काढून घेतला. मातीच्या अभ्यासात केस पांढरे केलेल्या त्या बाई. त्या म्हणाल्या, "हे कामकाजात लिहू नका. ग्रंथपाल, तुमचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. ते पाठवा. आणि आत्ता इथे काय बसलात? भाचीच्या घरी सांगितलंत का हे?"

मी मिळेल त्या गाडीने गेलो.

अंगणातच गाठ पडली. सगळे शेतावर निघाले होते. ओट्यावर नव्या बियाण्याची पिशवी होती, तिसऱ्याच एका केंद्राची. खारूचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला. व्याही तिला सांगत होते, "उजवा नसेल तर डाव्याने टाक."

धाप लागली होती तरी मी सगळं सांगितलं. नदीपलीकडे ते आधीचं बियाणं कुजलं होतं, आपल्या काळ्या जमिनीत ते उगवणारच नव्हतं, हिच्या हाताचा यात काही दोष नाही.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?" व्याही म्हणाले. "उगवलं होतं म्हणालात ना?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"रोज नवीन पान उलटतात मामा," दीर म्हणाला. "उद्या म्हणतील पाऊसही पुस्तकातून पडतो."

खारू डाव्या हाताने पिशवी चाचपत होती. तिने मला विचारलं, "मामा, हे उगवेल का आपल्याकडे?"

मी पिशवीवरचं लेबल वाचू लागलो. त्या केंद्राला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायची सोयच नव्हती.

"सांगा ना."

"मला ठाऊक नाही गं. कुणालाच ठाऊक नाही."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "मग मी नाही पेरत. ज्याला ठाऊक असेल त्याने पेरावं."

"काय म्हणालीस?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही पेरत, बाबा. हा हातही मोडा. मोडलेल्या हाताने कुणी पेरत नाही."

दिराने तिच्या वेणीला हिसडा दिला. ती ओट्यावर आपटली, प्लास्टर दगडावर वाजलं. मी दिराच्या पाठीला लोंबकळलो. त्याने कोपराने माझा चष्मा फोडला. त्या धुरकट नजरेने मी व्याह्यांची काठी वर गेलेली पाहिली आणि सासूबाई मध्ये शिरताना पाहिल्या.

"पुरे झालं हो!" त्या ओरडल्या. त्या घरात त्यांचा आवाज तसा कुणी ऐकला नव्हता. "माझा अंगठा मोडलात तेव्हा मी गप्प बसले. पोरीचं मनगटही मीच धरलं. आता नाही धरणार!"

त्यांनी काठी पकडली. व्याह्यांनी ती हिसकावली, पुन्हा उगारली आणि बायकोच्या कानशिलावर घातली. सासूबाई सरळ मागे पडल्या. ओट्याची कड डोक्याला लागली आणि त्या जागीच गेल्या. एवढंच. बियाण्याची पिशवी कलंडून दाणे अंगणभर झाले आणि रक्त त्या दाण्यांमधून वाट काढत गेलं. "आई, आई" करत मुलगा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. व्याही काठी हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "मी हिला मारत नव्हतो."

पोलीस आले तेव्हा शेजारी म्हणाले, पाय घसरला. दीरही तेच म्हणाला. खारूच्या नवऱ्याने बापाकडे पाहिलं आणि तोंड उघडून मिटलं.

"झोडलं," खारू म्हणाली. "लिहा. सासऱ्यांनी झोडलं. आधी मला, मग त्यांना."

मीही तेच सांगितलं. आवाज कापत होता. हवालदाराने दोनदा मोठ्याने बोलायला लावलं, आणि मी दोनदा मोठ्याने बोललो. तेव्हा तिचा नवरा उठला आणि म्हणाला, "मीसुद्धा मारलंय हिला. तेही लिहा."

खारू माझ्याकडे राहायला आली. खटला उभा राहील, व्याही कदाचित सुटतीलही, मला ठाऊक नाही. त्या गावात या हंगामातही कुणाच्या तरी शेतात उगवणार नाही आणि बांधावर लोक जमतील. ते वाचताना आपल्याला राग येतो, काठी धरणाऱ्याचा. यावा. पण चहाच्या टेबलावर हसणाऱ्या दोन शिकलेल्या माणसांचाही यावा.

मी मंडळाला उत्तर लिहिलं. बरंच खोडलं. उरलं ते असं:

"अध्यक्षबाईंस नमस्कार. माझी पात्रता नाही, हे माझं मत अजून तेच आहे. तरी काम स्वीकारतो. पहिला नियम पाठवत आहे. कोणत्याही केंद्रात जे उगवलं नाही, ते कोणत्या जमिनीत आणि का, हे इतर सर्व केंद्रांना पुढच्या पेरणीआधी कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्या केंद्राचं बियाणं बाहेर जाणार नाही. पिशवी देताना ती माहिती पेरणाऱ्या बाईला तोंडी सांगायची, मालकाला सांगून भागणार नाही. 'आमच्याकडे उगवलं' एवढंच उत्तर यापुढे कुणी कुणाला देऊ नये. दुसरा नियम पेरणाऱ्या बायकांना विचारल्यावाचून मी लिहिणार नाही. पुढच्या सभेला माझ्यासोबत माझी भाची येईल. तिला बोलायचं आहे. संचालकांच्या हाताची मी समक्ष माफी मागेन. त्यांनी तिच्या हाताची मागावी."

टपालपेटीपाशी मी पाकीट पुन्हा उघडलं. 'समक्ष' हा शब्द बरोबर आहे का, अशी शंका आली.

"मामा," खारू म्हणाली, "बरोबर आहे. चिकटवा."

"एकदा शेवटचं वाचतो."

"नाही वाचायचं."

तिने डाव्या हाताने पाकीट माझ्या बोटांतून ओढून घेतलं, कड जिभेने ओली करून चिकटवलं आणि पेटीत टाकलं.