ओपलमावशी उशिरा पिकते

मॅटोल नदीच्या वरच्या डोंगरातल्या घरांमध्ये गांजाच्या नव्या पिकाची पहिली बरणी उघडायची एक रीत आहे. भरदुपारी, जेवणं उरकल्यावर, टेबलाशी बसून दोन झुरके घ्यायचे आणि मग वीस मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. माल कसा आहे ते मालालाच सांगू द्यायचं. त्या मंगळवारी बेकविथांच्या टेबलाशी झुरके एल्डन घेणार होता आणि गप्प बसायचं काम त्याच्या बायकोचं, व्हर्नाचं होतं. सकाळपासून ती तीनदा बरणीचं झाकण तपासून आली होती, कारण तोडणीचा निर्णय यंदा पहिल्यांदाच तिचा एकटीचा होता.

एल्डन तरुणपणी लाकूडतोडीला जायचा. एक पडता देवदार त्याच्या पाठीवर आला, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. पाठ कशीबशी जुळली, झोप मात्र गेली ती गेलीच. डोळा लागला की ते झाड पुन्हा कोसळायला लागायचं. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, गावातल्या दुकानातले दहा प्रकारचे गांजे झाले. एकाने नुसतंच डोकं जड व्हायचं, दुसऱ्याने छाती धडधडायची. झोप दिली ती फक्त घरच्या झाडाने. दोन वर्षांपूर्वी हरणांनी निम्मं पीक खाल्लं आणि फेब्रुवारीत बरण्या संपल्या. तिसऱ्या दिवशी भरसकाळी एल्डन बिनकोटाचा घराबाहेर पडला. ओढ्यापलीकडे सापडला तेव्हा, तिथे नसलेल्या गड्यांना ओरडून सांगत होता, मागे व्हा, झाड येतंय. आणखी तासभर उशीर झाला असता तर थंडीने गेलाच असता. आता गेल्या सालच्या बरणीच्या तळाशी बोटभर माल उरला होता, आणि तोही व्हर्ना निम्म्या मापाने पुरवत होती.

त्या झाडाचं नाव ओपलमावशी. एल्डनने ते स्वतः जुळवलं होतं. तीन हिस्से रक्त अफगाण डोंगरातल्या रुंद पानांच्या, बुटक्या इंडिका जातीचं आणि एक हिस्सा मेक्सिकोकडच्या उंच, सडसडीत झाडाचं. एल्डनची खरीखुरी मावशी, ओपल, कुठल्याही जेवणात आधी सगळ्यांना हसवायची आणि मग बोलता बोलता खुर्चीतच घोरायला लागायची. झाडाची तऱ्हा हुबेहूब तशीच निघाली. आधी कपाळ सैल पडायचं, जीभ सुटायची, माणूस स्वतःच्याच जुन्या विनोदांवर खूश व्हायचा. अर्ध्या तासाने मान जड, मग पाय जड, आणि मग झोप. विनोदाच्या बाबतीत एल्डनचं भांडवल एकच होतं, त्याच्या आजोबांच्या खेचराचा किस्सा. तो त्याने काढला की व्हर्ना उठून अंथरूण घालायची.

पण मावशीचा स्वभाव हट्टी. वेळेआधी तोडली तर झोपवणारी निम्मी बाजू येतच नाही, नुसती उधळणारी बाजू हाती लागते. म्हणून बोंडावरच्या राळेचे मणी सोनाराच्या भिंगातून बघायचे. मणी काचेसारखे असले की कच्चे, दुधी झाले की अर्धे, आणि तीनातला एक मधाच्या रंगाचा झाला की कापायचं. हे भिंग दरवर्षी एल्डन लावायचा. झाडापुढे वाकून दहा मिनिटं हुंकार देत बघायचा, देठ चोळायचा, आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणायचा, "अजून चार दिवस." यंदा त्याचे हात इतके कापायला लागले की भिंग डोळ्याशी ठरेना. व्हर्नानेच ते त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याने दिलंही लगेच. त्याचं तिला जरा नवलच वाटलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी, तोडणीच्या दिवशी, शेजारची लोटी गाडी थांबवून सांगून गेली की गुरुवारी पाऊस येतोय. "मी तर काल सगळं कापून मोकळी झाले. तू बस त्या म्हातारीचे लाड करत. तुझी मावशी न्हाऊन निघाली की तिच्या पोटात बुरशी होईल, मग ये माझ्याकडे रडत." लोटी बोलायला फटकळ, पण यात खोटं काही नव्हतं. मावशीची बोंडं मुठीएवढी आणि घट्ट, पाणी आत शिरलं की आतून करडी होऊन सडायची. एल्डन आत पाठ टेकून पडला होता. ती एकटीच उतरणीवरच्या वाफ्यांत गेली, सहाही झाडांना भिंग लावलं, मधाचे मणी चमकताना दिसले, आणि संध्याकाळपर्यंत तिने वरच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. फक्त शेवटच्या वाफ्यातल्या दोन झाडांच्या खालच्या खुरट्या फांद्या ठेवल्या. गुडघ्याच्या मलमाला तेवढ्या पुरल्या असत्या.

आणि आता बरणी उघडली होती. एल्डनने दोन झुरके घेतले, चिलीम खाली ठेवली. व्हर्ना घड्याळाकडे बघत बसली. पाच मिनिटांनी त्याचं कपाळ सैल पडलं आणि तिला हायसं वाटलं. दहा मिनिटांनी तो पाय हलवायला लागला. पंधराव्या मिनिटाला त्याने टेबलाची कड धरली. खेचराचं नाव नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"व्हर्ना, तो आवाज ऐकलास?"

रीत मोडून ती बोलली. "कसला आवाज? फ्रीजचा आहे."

"फ्रीज नाही गं. लाकडाचे धागे तुटताहेत. झाड वळलंय आपल्याकडे."

तिने खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली आणि त्याचा हात धरला. मनगटातली नाडी तिच्या बोटांखाली धावत होती. तिने मिऱ्याचे चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. जास्त झालं की इकडची माणसं मिरी चावतात. त्याने मुकाट्याने चावले. तिने त्याला खोलीतल्या एकेका वस्तूचं नाव सांगायला लावलं. स्टोव्ह. किटली. तुझे ते भयंकर पडदे. "सुंदर पडदे," तिने सुधारलं, आणि तो हसला नाही तेव्हा ती खरी घाबरली. दोन तास असे गेले. चारच्या सुमाराला तो पांघरूण घेऊन खिडकीशी बसला, डोळे टक्क उघडे.

"बरणीत अजून मुरायला हवं बहुतेक," ती म्हणाली.

"असेल," तो म्हणाला.

मुरवून मालाचा वास सुधारतो, चव सुधारते. कच्चं पिकत नाही. हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

ती बरणी आणि भिंग घेऊन ओसरीवर आली. ऊन अजून होतं. बोंडाला भिंग लावलं तर सगळीकडे दूध, आणि मधेमधे स्वच्छ काच. मध कुठेच नाही. मग तिने बोंडातून डोकावणारं बोटभर पान पाहिलं. पानाच्या कडेला मधच मध होता. पानावरचे मणी बोंडाच्या कितीतरी आधी पिकतात. वीस वर्षांपूर्वी एल्डनने तिला पहिलीच गोष्ट शिकवली होती ती हीच, की बोंड बघायचं, पान बघायचं नाही. काल आलेल्या मजुरालाही ठाऊक असतं ते. आणि तिने पावसाच्या धास्तीने, जिथे चमकलं तिथे बघून सहा झाडांची मुंडकी उडवली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या ओढ्यापलीकडच्या जागेची भीती वाटली.

आत जाऊन तिने सांगून टाकलं. "मी पान बघितलं, एल्डन. कच्चीच कापली मी."

तो खिडकीबाहेरच बघत राहिला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"फांद्या वाळायला टांगल्या होत्यास तेव्हापासून. मी शेडमध्ये गेलो होतो. लिंबाच्या सालीचा वास येत होता. पिकलेल्या मावशीला नासायला आलेल्या द्राक्षांचा वास येतो, आणि वर मिऱ्याचा."

व्हर्नाला क्षणभर कळेना की रडावं की त्याला थोबाडावं. "माहीत होतं आणि तरी ओढलास? तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

त्याने पांघरुणाची कड बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "बोललो असतो तर तू विचारलं असतंस, भिंगाशिवाय तुला कसं कळलं म्हणून."

"मग?"

"मग सांगावं लागलं असतं, की तीन वर्षं झाली, मला भिंगातून काहीही दिसत नाही. सगळं धुकं. वासावरच कापत होतो मी."

तीन वर्षं हा बाबा झाडापुढे वाकून हुंकार देत होता आणि ती शेजारी श्वास रोखून उभी राहत होती. तिला आठवलं की ऑगस्टमध्ये लोटीची गाडी त्याने फाटकापासून घरापर्यंत आणली होती, आणि ती स्वतः पुढच्या सीटवर सफरचंद खात बसली होती. पुरुषांना आपलं काही गेलं हे सांगण्यापेक्षा मरण सोपं वाटतं, आणि मरताना ते एकटे मरत नाहीत. हे सगळं ती त्याला ऐकवणार होती. पण तो दोन तास त्या पडत्या देवदाराखाली बसून आला होता, आणि जाणूनबुजून गेला होता. तिने फक्त विचारलं, "खालच्या दोन झाडांवर फांद्या आहेत अजून. येतोस?"

बुधवारी सकाळी त्याला त्या उतरणीवरून न्यायला पाऊण तास लागला. वरचा भार गेल्यामुळे खालच्या फांद्यांना ऊन मिळालं होतं आणि बोंडं भरली होती. तिने भिंग लावलं, बोंडालाच लावलं, आणि मोठ्याने सांगत गेली, दूध, दूध, मध, दूध, दूध. त्याने देठ चोळून नाकाशी धरला.

"रविवार," तो म्हणाला.

पाऊस दुसऱ्या दिवशीच होता. मागचा नुसता भुरभुरून गेला होता, हा मोठा, दोन दिवसांचा. बोटभर उरलेला माल जेमतेम दोन आठवडे पुरला असता, आणि तोडल्यावर वाळायला दहा दिवस तरी हवेतच. व्हर्नाला वाटलं, आत्ताच कापावं आणि सुटावं. हातात कात्री होती. पण मग नुसत्या कच्च्या बरण्यांत आणखी एका बरणीची भर पडली असती.

तिने खांब रोवले, जुनं प्लॅस्टिक ताणलं. गुरुवार आणि शुक्रवार तिने तासातासाला खाली जाऊन फांद्या झटकल्या. शुक्रवारी दुपारी पहिलं करडं बोंड सापडलं, मग आणखी चार. ती कापून दूर फेकली, कात्री स्पिरिटने पुसली, पुन्हा दुसरी फांदी. बोटाने बोंड उकलायचं, आत बघायचं, पुढे जायचं. घरात एल्डन निम्म्या मापावर निम्मीच झोप घेत होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि बोलता बोलता तो दाराकडे बघायचा. त्याचे बूट तिने कपाटात ठेवले.

शनिवारी सकाळी ती अंघोळ करून आली तर खुर्ची रिकामी होती आणि कपाट उघडं. कोट खुंटीवरच होता.

ती ओल्या केसांनी धावली. आधी ओढ्याकडे. हाका मारत पाण्यापर्यंत गेली, पलीकडचा काठ डोळे फाडून बघितला, मग तशीच धापा टाकत परत वर आली. पाऊस बारीक झाला होता. शेवटच्या वाफ्यात, ताणलेल्या प्लॅस्टिकखाली, दोन पाय दिसले. एल्डन उकिडवा बसला होता आणि कुणाशी तरी हळू बोलत होता. गड्यांशी बोलतोय, तिने मनाशी म्हटलं, संपलं सगळं.

"किती छळशील गं म्हातारे," तो फांदीला म्हणत होता. मग तिच्या पावलांचा आवाज ऐकून त्याने मान वळवली. "व्हर्ना, आज काप. रविवारची वाट बघू नकोस."

"तू सांगून का नाही आलास?" तिचा आवाज चिरकला.

"तू अंघोळ करत होतीस, मी बसून घसरत आलो. आणि हाका कुणाला मारत होतीस एवढ्या? ही घे, वास घे."

तिने वास घेतला. लिंबू गेलं होतं. तळघरातली ओल, मिरी, आणि उतरलेली द्राक्षं. भिंग काढलं, पण आता तिचाच हात इतका थरथरत होता की काही दिसेना. एल्डनने चाचपत तिचं मनगट धरलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर टेकवून स्थिर केलं. दूध, मध, दूध, मध. ती मोजायची थांबली आणि कात्री उचलली.

बुरशीने निम्म्याहून जास्त खाल्लं होतं. जे चांगलं निघालं ते वाळून एका बरणीत मावलं. निम्म्या मापाने मार्चपर्यंत, फारतर. पुढचं पुढे. मोतीबिंदूसाठी लोटी त्याला युरेकाच्या इस्पितळात घेऊन जाणार होती. ते ठरल्यापासून तो तिच्या गाडी चालवण्यावर टीका करत होता.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी पुन्हा बरणी उघडली. दोन झुरके. चिलीम खाली. व्हर्नाने खिशात मिरी ठेवली होती आणि दाराची कडी लावली होती. पाच मिनिटं. दहा. त्याने पाय हलवला आणि तिची मूठ आवळली, पण त्याने फक्त पाय लांब केला होता. पंधरा मिनिटं. बाहेर कावळा ओरडला. एल्डनने कान टवकारले, आणि तिचा हात खिशाकडे गेला.

"व्हर्ना," तो म्हणाला, "आजोबांच्या त्या खेचराचं मी तुला कधी सांगितलंय का?"

वीस मिनिटं झाली नव्हती. रीत दुसऱ्यांदा मोडली जात होती.

"नाही," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्याला दिसत नव्हतं हे बरंच होतं. "सांग की."

त्याने सांगायला घेतलं. खेचर पुलापर्यंत आलं, पुलाच्या मधोमध बसलं, आजोबांनी टोपी काढून त्याच्यापुढे हात जोडले, आणि तिथे एल्डनची हनुवटी छातीवर टेकली. व्हर्ना हलली नाही. खुर्ची सरकली असती तर आवाज झाला असता. खेचर पुढे काय करतं ते तिला पाठ होतं. ते तिने मनातल्या मनात, एकही शब्द न गाळता, पूर्ण केलं.