एक्स्चेंजवाल्या बाईंची पिल्लं

साल एकोणीसशे अडुसष्ट. जन्मात कधी मांजरसुद्धा न पाळलेल्या बाइंडरबाईंनी त्या वर्षी कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायचं मनावर घेतलं, आणि त्यांच्या थोरल्या भावाला, दादांना, वाटलं की पन्नाशी आली आणि हिचं डोकं फिरलं.

बाई पुस्तकं बांधायच्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक लांबट खोली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर छापील कागदांचे दुमडलेले फर्मे, सुई, मेण लावलेला दोरा, खळीचं भांडं. कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, आणि त्याच्या मागे पडदा लावून केलेली झोपायची जागा. फाटकं, पानं सुटलेलं पुस्तक त्यांच्या हाती गेलं की नव्या कपड्यातल्या नवरदेवासारखं परत यायचं. शहराच्या ग्रंथालयाचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या, वडिलांच्या मागे एकटीने धंदा धरून ठेवलेल्या, कोणापुढे हात न पसरलेल्या.

पण गेली चार वर्षं बाईंना ऐकू येईनासं झालं होतं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग किटलीची शिटी, मग दार. बाईंनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, दोन माणसं हसली की तिसरं आपण हसायचं, आणि काहीच कळलं नाही तर ‘हो ना’ म्हणायचं. ‘हो ना’ वर माणसाचं अर्धं आयुष्य निघतं. सुईला आणि खळीला कान लागत नाहीत. दाराला मात्र लागतात. ग्रंथालयाचा शिपाई पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दोनदा दोन जिने चढला, दार ठोकठोक ठोकलं आणि शिव्या घालत उतरला. बाई आत टेबलाशीच बसलेल्या.

गोष्ट दादांच्या कानावर गेली. दादा वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई असे.

“दुपारी झोपतेस तू,” ते म्हणाले. “वय झालं, त्यात लाजायचं काय? आता पुन्हा कोणी दारातून परत गेलं, तर ही खोली सोडायची आणि आमच्याकडे यायचं. तुझं ते लोखंडी धूड भंगारात घालू.”

“हो ना,” बाई म्हणाल्या, आणि दादा जिना उतरल्यावर दाबयंत्राच्या चाकावर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

कुत्र्याची कल्पना त्यांना कागदवाल्याच्या दुकानात सुचली. तिथे कागदाच्या रिमांवर एक मूठभर कुत्रं झोपलेलं असायचं. गिऱ्हाईक पायरीवर येण्याआधी त्याचं डोकं वर व्हायचं आणि कागदवाला न बघताच म्हणायचा, या. बाईंनी हे तीन वेळा पाहिलं आणि घरी जाऊन घरमालकाला विचारलं. घरमालक म्हणाला, मांडीवर मावेल एवढं असेल तर पाळा, त्याहून मोठं दिसलं तर दोघांनाही काढीन.

त्या काळी लहान जातीचं पिल्लू विकत घ्यायचं म्हणजे कुठे जायचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी सोबतीला वहिनीला घेतलं. दादांची बायको म्हणजे घरातला भोंगा. तिने शेजघरात सांगितलेलं गुपित रस्त्यावरच्या माणसाला कळायचं. पण बाईंना सगळ्या जगात तिचंच बोलणं नीट ऐकू यायचं, म्हणून तिच्याबरोबर फिरणं त्यांना बरं वाटे.

पहिल्यांदा दोघी बाजारात पक्षी विकणाऱ्याकडे गेल्या. पोपटांच्या पिंजऱ्याखाली दुसऱ्या पिंजऱ्यात एक पिल्लू होतं, झोपेतून उठवल्यासारखं.

“एवढंच राहणार हे,” दुकानदार म्हणाला. “खास जात आहे. कपाटात ठेवा, कपाटात मावेल.”

वहिनीने पिल्लाचा पंजा उचलून दुकानदाराच्या नाकापुढे धरला. “आणि हा पंजा कुठल्या कपाटात ठेवायचा? वर्षभरात हे वासराएवढं होईल. वन्सं, चला. हा माणूस हत्तीला उंदीर म्हणून विकेल.”

दुसऱ्यांदा त्या वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून एका बंगल्यावर गेल्या. तिथल्या गृहस्थाने पिल्लू फाटकाबाहेर आणून दाखवलं; आई कुठे आहे विचारलं तर म्हणाला, गावाला गेली आहे. वहिनी परतीच्या रस्त्याने हसत होती. “कुत्री गावाला गेली. एकटीच गेली की सामान घेऊन?”

शेवटी त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर आत होते, बाहेर औषधं बांधणारा कंपाउंडर होता. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि एका पुडीच्या कागदावर पत्ता लिहिला.

“चांगल्या आहेत का त्या?” वहिनीने विचारलं.

“ते मला काय माहीत,” कंपाउंडर म्हणाला. “दुसऱ्यांकडची पिल्लं महिन्याभरात इथे येतात. यांच्याकडची फक्त लस टोचून घ्यायला येतात. इतकंच मला माहीत.”

पत्ता एका बैठ्या घराचा होता. दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळे त्यांना एक्स्चेंजवाल्या बाई म्हणायचे. त्यांनी दोघींना आधी साबणाने हात धुवायला लावले, मग जमिनीवर बसायला सांगितलं.

“खुर्ची नाही का?” वहिनीने विचारलं.

“खुर्चीवरून माणूस कुत्र्याला राजासारखा दिसतो. खाली बसलं की माणूस दिसतो. आधी आई बघा.”

आई आली. गुडघ्याएवढीही नाही, आखूड पायांची, राठ केसांची छोटी टेरियर. तिने बाइंडरबाईंचे हात हुंगले. खळीचा वास तिला पसंत पडला असावा, कारण ती तिथेच बसली. तेव्हा कुठे मधलं दार उघडलं आणि पाच पिल्लं गडगडत बाहेर आली.

खोली बघून बाइंडरबाई थक्क झाल्या. फरशी आरशासारखी. भिंतीला लावलेल्या पाटीवर प्रत्येक पिल्लाचं रोजचं वजन खडूने लिहिलेलं. एका कोपऱ्यात वाळू, एका कोपऱ्यात जुनी पायपुसणी, एका कोपऱ्यात वाजणारा रेडिओ, त्याचा लाल दिवा बाईंना दिसत होता. पिल्लांना माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून तो ठेवला आहे, असं एक्स्चेंजवाल्या बाईंनी सांगितलं. स्वतःच्या कामाला जपणारं माणूस दुसऱ्या अशा माणसाला लगेच ओळखतं.

“पिल्लू तुम्ही निवडायचं नाही,” एक्स्चेंजवाल्या बाई म्हणाल्या. “आधी तुम्ही कशा राहता ते सांगा. नंबर मी लावून देते.”

पण बाइंडरबाईंची निवड झालीच होती. चार पिल्लं धिंगाणा घालत होती. त्यातलं एक तपकिरी, एक कान मोडलेलं, कशावरही भुंकत होतं. पाचवं, पांढरं शुभ्र, त्यांच्या पावलाशी येऊन झोपलं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर बोट फिरवलं. कागदासारखं मऊ.

एवढ्यात एक विचित्र गोष्ट झाली. चारही पिल्लं एकदम हवेत उडाली. एक स्टुलाखाली घुसलं, दोन आईच्या पोटाखाली, आणि तपकिरी गर्रकन वळून तोंड उघडून भुंकायला लागलं. वहिनीने छातीवर हात ठेवला. पांढरं मात्र झोपलेलंच.

“बघितलंत?” बाइंडरबाई कौतुकाने म्हणाल्या. “सगळी वेड्यासारखी करताहेत आणि हे किती शांत आहे. हेच द्या मला.”

बाइंडरबाईंनी मान वळवली. मागे एक्स्चेंजवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी मोठ्या पातेल्याचं झाकण पडलं होतं, अजून फरशीवर थरथरत होतं. आणि त्या पिल्लाकडे बघत नव्हत्या, बाइंडरबाईंकडे बघत होत्या.

“तुमचा चहा व्हायचा आहे,” एक्स्चेंजवाल्या बाई वहिनीला म्हणाल्या. “स्वयंपाकघरात किटली आहे. जरा बघता?” वहिनी एरवी कोणाच्या स्वयंपाकघरात अशी मुकाट गेली नसती. त्या दिवशी गेली.

मग एक्स्चेंजवाल्या बाई समोर येऊन जमिनीवर बसल्या. तोंड उजेडाकडे केलं.

“किती वर्षं झाली?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“तुम्हाला ऐकू येत नाही त्याला.”

“येतं की,” बाइंडरबाई म्हणाल्या. “येतं मला.”

एक्स्चेंजवाल्या बाईंनी हातातला पंचा तोंडापुढे धरला. पंचा थोडा हलत राहिला, मग खाली आला. “काय म्हणाले मी?”

बाइंडरबाईंनी ‘हो ना’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “चार,” त्या म्हणाल्या. मग शिपाई, दादा, दाबयंत्र, सगळंच सांगितलं.

एक्स्चेंजवाल्या बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. “तीस वर्षं मी ऐकू न येणाऱ्यांशीच बोलत होते,” त्या म्हणाल्या. “निम्म्या शहराला ऐकू येत नाही, बाई. फक्त ते लाइनीला दोष देतात. हे पांढरं तुम्हाला देणार नाही. सातव्या आठवड्यात मी सगळ्यांचे कान बघते. पांढऱ्यात असं कधी कधी निघतं. मागून झाकण टाकते. आज दोन बहिरी सापडली. दोघांची जोडी लावून दिली तर तुमचं दार उघडणार कोण?”

बाइंडरबाई रडता रडता हसल्या.

“ते तपकिरी घ्या. दोन घरांनी नाकारलं, भुंकतं म्हणून. पान पडलं तरी सांगायला येतं. त्याला काम नाही म्हणून ते वाईट आहे. पण एक अट आहे. घरात सांगायचं. लपवाछपवीला मी पिल्लू देत नाही. ते सांगत राहिलं आणि तुम्ही काही झालंच नाही असं दाखवत राहिलात, तर महिन्याभरात ते सांगायचं सोडून देईल.”

दोघी परतीच्या रस्त्याला लागल्या. मग बाइंडरबाई थांबल्या आणि वहिनीकडे तोंड करून म्हणाल्या, “वहिनी, मला ऐकू येत नाही.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाली.

“कधीपासून?”

“वन्सं, मी काय जन्मापासून अशी ओरडते? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई विचारायच्या, सून मुकी आहे का. तीन वर्षांपूर्वी एकदा तुम्हाला मागून हाक मारली, चारदा मारली. तेव्हापासून आवाज चढवला. तुमच्याशीच चढवला असता तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून सगळ्यांशीच चढवला. तुमचे दादा हल्ली वर्तमानपत्र घेऊन गच्चीत बसतात.”

“मला का नाही विचारलंस?”

“तुम्ही झाकलं होतं ना. दुसऱ्याने झाकलेलं आपण कसं उघडायचं?”

बाइंडरबाईंनी वहिनीचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर एक्स्चेंजवाल्या बाई ते स्वतः घेऊन आल्या, दोन जिने चढून. त्यांनी खोली बघितली, दाबयंत्र बघितलं, नुकतं बांधून झालेलं एक पुस्तक उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, “असं काम सोडायचं नसतं.” मग त्या बाहेर जाऊन दार वाजवायला लागल्या. बाइंडरबाई दाराकडे पाठ करून फर्मे शिवत बसल्या. पिल्लू भुंकायचं, पण भुंकणं बाईंना कुठे ऐकू येणार? म्हणून वहिनी आत बसून त्याला बाईंच्या घोट्यापाशी न्यायची, तिथे पंजा लावला की खाऊचा तुकडा. लागोपाठ सहा दुपारी हे चाललं. एक्स्चेंजवाल्या बाईंची बोटं लाल झाली. सातव्या दुपारी बाईंच्या घोट्यावर एक ओला, घाईचा पंजा पडला. वहिनी त्या दिवशी आलेलीच नव्हती. बाई उठल्या आणि दार उघडलं. एक्स्चेंजवाल्या बाईंचा हात दुसऱ्या टकटकीसाठी अजून वरच होता.

अट मात्र राहिली होती. आज सांगू, उद्या सांगू करत बाईंनी दोन आठवडे काढले. दादांना पिल्लाचं कळलं होतं, पण ते हिला जागं ठेवेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. एका शनिवारी ते न सांगता आले आणि खात्री करायची म्हणून एका बोटाने, अगदी हळू दार वाजवलं.

दार लगेच उघडलं. बाईंच्या पायाशी तपकिरी पिल्लू, छाती काढून.

“जागी होतीस?” दादा म्हणाले.

“जागीच असते मी,” बाई म्हणाल्या. आत जाऊन बसण्याआधी, उंबऱ्यावरच, त्यांनी सांगून टाकलं. “दादा, मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. याला येतं, हा मला सांगतो. खोली मी सोडणार नाही.”

दादा मनात हिशेब करायला लागले. “म्हणजे गेल्या वर्षी मी तुला तासभर समजावत होतो...”

“मान डोलावत होते.”

“एक शब्द नाही कळला?”

“शेवटचा कळला. निघतो म्हणालास तो.”

दादा दाबयंत्राजवळच्या स्टुलावर बसले. पिल्लू त्यांचे बूट हुंगत होतं. “हे धूड वरून गंजलंय जरा,” ते यंत्राकडे बघत म्हणाले. “उद्या तेल घेऊन येतो.”

आणि आणलं. पुढे दर महिन्याला तेलपाणी तेच करत. ग्रंथालयाचा शिपाई निवृत्त होईपर्यंत गठ्ठे आणत राहिला. दार वाजवायला हात वर करायच्या आत आतून ‘या’ ऐकू यायचं, त्याची त्याला जरा भीतीच वाटे. वहिनीने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण सवय जाईना. मरेपर्यंत ती तशीच बोलली, आणि दादा तिच्या मागे दोन वर्षं त्या घरात शांततेला कंटाळून गेले. तपकिऱ्याचं नाव वहिनीने हवालदार ठेवलं होतं. तो चौदा वर्षं नोकरी करून गेला. त्याच्यामागून एक्स्चेंजवाल्या बाईंकडचंच दुसरं पिल्लू आलं.

पांढरं पिल्लू एक्स्चेंजवाल्या बाईंनी कोणालाच दिलं नाही. जमिनीवर पाय आपटून त्या त्याला हाक मारायच्या. त्यांच्याकडची पिल्लं हळूहळू कमी झाली आणि गुडघे गेल्यावर थांबली. बाइंडरबाईंनी त्यांच्या पिल्लांच्या वजनांची एक कापडी पाठीची, शिवलेली वही करून दिली होती, पाटीवरचं पुसलं जातं म्हणून. ती वही आता जनावरांच्या दवाखान्यात आहे. कंपाउंडर जाऊन वर्षं झाली, पण पिल्लू कुठे मिळेल असं विचारत कोणी आलं, तर पिल्लू कसं वाढवावं ते दाखवायला डॉक्टर अजून ती काढतात.