गुणाबाईच्या कुंचीवरचे राघू

संक्रांतीला आमच्या ऋतुजानं ते कापायचं मशीन घरात आणलं, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ऋतुजा माझी सून. लातुरात घरीच केक करून विकते. मशीन म्हणजे दिसायला एक पांढरा डबा. चिकट मॅटवर साखरेचा पातळ कागद डकवायचा, मॅट डब्याच्या तोंडात द्यायची, लॅपटॉपवर चित्र निवडून बटण दाबायचं. आत एवढीशी पाती सरसर फिरते अन् फुलं, फुलपाखरं कापून बाहेर. मग ती केकवर चिकटवायची. पोरगी मला चार वेळा म्हणाली, आत्या, याच्यावर कापडबी कापता येतंय, पाती तेवढी बदलायची, एकदा बघा तर. मी म्हटलं, बाई, पस्तीस वर्षं या कात्रीवर घर चाललंय, तुझा डबा तुझ्या स्वयंपाकघरात ठेव. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड जुनीच.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभरापासून मला नीट दिसत नव्हतं. कात्रीच्या टोकापाशी नुसतं धुकं. गिऱ्हाइकाला कळलं तर कोण कापड देईल? शिवणवाली सिंधु संपली, की मागं काय, एक किरकिरी म्हातारी. म्हणून पाठ दुखते, पाठ दुखते म्हणत मी कामं परत पाठवत होते.

अशात मुखेडहून गुणाबाई आली. आम्ही लहानपणच्या मैत्रिणी, एका आळीत वाढलेल्या. तिच्या सुनेला, पुनमला, नऊ वर्षांनी मूल झालं होतं. गुणाबाईनं माहूरच्या रेणुकामातेला नवस केला होता, आणि देवीच्या ओटीतला हिरवा खण तिला प्रसाद म्हणून मिळाला होता. त्या खणाचे आठ राघू कापून बाळाच्या पिवळ्या कुंचीवर लावायचे होते. बारसं रविवारी. केकही तिनं ऋतुजालाच सांगितला, त्याच्यावरबी तसलेच राघू. दोन्ही न्यायला ती शनिवारी परत येणार होती.

"खण एकच हाय, सिंधे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नसता."

आता हिला नाही कसं म्हणू? शुक्रवारी आधी चिंधीवर हात चालवून बघितला. पहिल्या राघूची चोच गेली, दुसऱ्याची शेपटी. खणाला कात्री लावायची माझी छातीच होईना.

दुपारी ऋतुजा एक केक पोचवायला गेली. सकाळीच तिनं साखरेचे राघू कापले होते, लॅपटॉपवर चित्र तसंच उघडं होतं. मी दाराला कडी लावली. मऊ कापड पातीखाली चुरगळणार, एवढं मला न बघताही कळत होतं. म्हणून मैद्याची खळ शिजवली, खण तिच्यात बुडवून काढला. बोटं हिरवीगार झाली, रंग कच्चा होता. वाळल्यावर इस्त्री फिरवली, तर खण पापडासारखा ताठ उभा. पाती बदलली, समोर पडलेल्या मॅटवर खण डकवला, देवीचं नाव घेतलं अन् बटण दाबलं. आठ राघू निघाले, एक धागा सुटलेला नाही. जळलं मेलं, माझ्या ऐन उमेदीतही इतकी नाजूक चोच मला कधी कापता आली नव्हती. टाक्यांचं काय, ते बोटांच्या अंदाजानं घालता येतात. सांजेपर्यंत कुंची तयार झाली.

शनिवारी सकाळी बघते तर कुंचीवर लाल मुंग्यांची रांग. प्रत्येक राघूखाली मुंग्याच मुंग्या. मॅटला सकाळची साखर चिकटलेली होती, ती सगळी खणाच्या मागं आली होती. केकची मॅट वेगळी, कापडाची वेगळी ठेवायची असते, हे मला कुठलं ठाऊक? कुंची धुवावी तर हिरवा रंग पिवळ्यावर उतरणार. बाळाच्या डोक्यावर मुंग्या घालू का? देवीचा खण मी नासवला होता.

मी कुंची झटकत होते, तेवढ्यात ऋतुजा मॅट हातात घेऊन आत आली. मॅटवर हिरवे धागे. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं, मशीनचं अन् डोळ्यांचंबी. ती बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तेच धागे कुणाच्या केकमध्ये गेले असते म्हणजे? तिनं फक्त विचारलं, गुणामावशीची एसटी किती वाजता येतीय. मी म्हटलं, एकला.

तिनं आठही राघू उसवले. एकेक ओल्या फडक्यानं मागून पुसला, कोरड्या कापडात दाबून इस्त्री केली. कुंची वेगळी धुऊन गच्चीवर उन्हात टाकली, तासात खडखडीत वाळली. मग आम्ही समोरासमोर बसलो. ती सुया ओवून द्यायची, मी टाके घालायचे.

सातव्या राघूला मी म्हटलं, तुझ्या केकच्या मशीनला मी नावं ठेवली अन् चोरून तेच वापरलं, चुकलंच माझं.

ती सुईत दोरा घालत होती. "केकला मला सुरी पुरतीय, आत्या. दिवाळीत तुम्ही माझ्या ब्लाऊजचा गळा वाकडा कापला, तवाच मला समजलं होतं. मशीन तुमच्यासाठीच आणलंय."

ते ब्लाऊज तिनं सगळी दिवाळी अंगभर पदर घेऊन घातलं होतं. अन् मी शेजारणीला सांगत होते, आमची सून लई लाजाळू.

एक वाजून गेल्यावर गुणाबाई आली. कुंची उलटीपालटी करून बघितली, राघूंवरून बोट फिरवलं. म्हणाली, तुझ्या हाताला तोड न्हाई. या एका वाक्यावर मी पस्तीस वर्षं जगले. ऋतुजा खाली मान घालून केकचा डबा बांधत होती. ती बोलणार नव्हती, मला माहीत होतं.

"राघू मी कापले न्हाईत, गुणे," मी म्हटलं. "ऋतुजाच्या मशीननं कापलेत. मला दिसंना गेलंय."

गुणाबाईनं कुंची मांडीवर घेतली, राघूंच्या कडेचे टाके चाचपले. मग म्हणाली, "टाके कुणाचे?"

"टाके माझे."

"मग उद्या बारशाला ये. बाळाला कुंची तूच घाल. तोंड दिसलं न्हाई तर हातानं बघ."

मी त्या दोघींच्या देखत रडले. सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंबी कबूल केलं.